कोर्दोबाचें अंगण आणि आपला चौक

घराच्या भिंती, छप्पर, दारें आणि खिडक्या यांची किंमत कोणीहि गवंडी सांगूं शकतो. परंतु घराच्या मधोमध जी उघडी जागा असते तिची किंमत काय, असें विचारलें तर दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. हिशेबी मनुष्य म्हणतो, ती वायां गेलेली जागा होय. ज्यानें त्या जागेंत बालपण काढलें तो म्हणतो, तेंच तर घर. बाकीच्या खोल्या तिच्याभोंवतीं बांधलेल्या. आमच्या घरीं दोन वर्षांपूर्वीं गुढीपाडव्याच्या दिवशीं हीं दोन्ही उत्तरें एकाच पंक्तीला जेवावयास बसलीं, आणि श्रीखंडाचें पातेलें निम्म्याहून अधिक भरलेलें तसेंच परत स्वयंपाकघरांत गेलें.

आमचा वाडा कृष्णाकांठचा, जुना, दुमजली, मधोमध चौक असलेला. तीन भावांचीं तीन बिऱ्हाडें त्यांत नांदतात. सणवार आणि श्राद्धपक्ष तेवढे एकत्र. चौकाची दशा मात्र पाहुण्यांसमोर मान खालीं घालावी अशी झाली होती. तुळशीवृंदावनाचा एक कोपरा ढासळलेला, त्याला टेकून तीन मोडक्या सायकली, एक बंद पडलेला कूलर, प्लॅस्टिकची काळी टाकी, आणि पाऊस संपला तरी कार्तिकापर्यंत न हटणारें शेवाळ. मधल्या भावजींनीं विषय काढला कीं, या चौकावर स्लॅब टाकावा. खालीं मोटार राहील आणि वर दोन खोल्या निघतील. त्यांच्या म्हणण्यांत खोटें असें कांहींच नव्हतें. त्यांच्या मुलाचें लग्न ठरत होतें, आणि येणाऱ्या सुनेला स्वतंत्र खोली देणें हें घराचें कर्तव्यच होतें. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहींत. त्यांनीं केवळ वृंदावनाकडे पाहिलें. अखेर निर्णय पुढील पाडव्यापर्यंत लांबणीवर पडला.

त्याच वर्षीं मे महिन्याच्या आरंभीं माझें स्पेन देशीं जाणें झालें. माझी कन्या नोकरीनिमित्त तेथील सेव्हिल शहरीं राहते. तिनें मला एके दिवशीं आगगाडीनें कोर्दोबा येथें नेलें. "आई, तेथें लोकांच्या घरांतले चौक पाहावयाचे आहेत," असें ती म्हणाली तेव्हां मला हसूं आलें. चौक पाहण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जावयाचें, आणि घरीं असलेला बुजवावयाचा! परंतु संध्याकाळीं परत येतांना मी हसत नव्हतें. जें पाहिलें तें वाचकांस सांगावें, आणि त्यांतलें आपल्या घरीं काय आणतां येतें व काय येत नाहीं, हेंहि सांगावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोर्दोबा हें दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांतांत, ग्वादल्किविर नदीच्या कांठीं वसलेलें प्राचीन शहर. रोमन अमदानींत तें बेटिका प्रांताची राजधानी होतें. पुढें दहाव्या शतकांत तेथेंच अरबी खलिफांचें तख्त होतें. उन्हाळा असा कीं, जुलै-ऑगस्टांत पारा ४० अंशांच्या वर गेला तरी कोणास नवल वाटत नाहीं. जुन्या वस्तींतील गल्ल्या अरुंद, भिंती चुन्यानें पांढऱ्या केलेल्या, खिडक्यांस लोखंडी गज. बाहेरून पाहणारास घराच्या वैभवाचा पत्ता लागूं नये, अशीं तीं घरें तोंड मिटून उभीं असतात. दरवाजांतून आंत गेलें कीं आपल्या देवडीसारखी एक लहानशी अंधारी जागा लागते, तिच्यापुढें लोखंडी जाळीचें दार, आणि त्या दारापलीकडे एकदम आकाश! खालीं नदींतल्या गोट्यांची फरशी, मध्यें विहीर किंवा लहानसें कारंजें, आणि चारी भिंतींवर खालपासून माडीपर्यंत टांगलेल्या मातीच्या कुंड्या. त्यांतून जिरेनियमचीं तांबडीं, गुलाबी व पांढरीं फुलें ओसंडत असतात. एका कोपऱ्यांत लिंबाचें नाहीं तर नारिंगाचें झाड, दुसऱ्यांत जाईचा वेल. या चौकास ते लोक 'पातिओ' असें म्हणतात.

१९२१ सालीं तेथील नगरपालिकेनें अशा चौकांची पहिली स्पर्धा भरविली. मध्यंतरीं १९३६ ते १९३९ या काळांत त्या देशांत यादवी युद्ध माजलें. त्यानंतर ही स्पर्धा पुन्हां रुजली आणि आज ती शहराचा मोठा उत्सव होऊन बसली आहे. मे महिन्याच्या पूर्वार्धांत सुमारें बारा दिवस लोक आपल्या राहत्या घराचीं दारें परक्यांसाठीं उघडीं ठेवतात. युनेस्को या जागतिक संस्थेनें २०१२ सालीं या उत्सवाची मानवजातीच्या अमूर्त वारशांत गणना केली. त्याच शहरीं विआना नांवाचा एक सरदारी वाडा असून त्यांत एकूण बारा चौक आहेत. तोहि आम्हीं पाहिला. परंतु खरें सांगावयाचें तर सरदाराच्या बारा चौकांपेक्षां सान बासिलिओ नांवाच्या वस्तींतील सामान्य माणसांचा एकेक चौकच माझ्या मनांत अधिक राहिला.

ही वास्तुरीति कोर्दोबाकरांनीं शोधून काढली असें मात्र नव्हे. भूमध्य समुद्राच्या कांठीं ती फार जुनी आहे. उत्तर ग्रीसमधील ओलिंथस हें नगर मॅसिडोनच्या फिलिप राजानें इसवी सनापूर्वीं ३४८ सालीं उद्ध्वस्त केलें. त्याच्या उत्खननांत जीं घरें सांपडलीं तीं चौकाभोंवतीं बांधलेलीं आहेत. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत घराच्या दर्शनी दालनावर छपराला मुद्दाम उघडें तोंड ठेवलेलें असे. त्यांतून पावसाचें पाणी खालच्या उथळ कुंडांत पडे आणि तेथून जमिनीखालच्या टांक्यांत जाई. पुढें अरब आले, आणि त्यांनीं या चौकांत वाहतें पाणी व सुगंधी फळझाडें आणलीं. कोर्दोबाच्या प्रसिद्ध मशिदीच्या बांधकामास आठव्या शतकांत आरंभ झाला; तिच्यापुढील विस्तीर्ण प्रांगणांत आजहि नारिंगाच्या झाडांच्या रांगा उभ्या आहेत आणि झाडांच्या बुंध्यांपर्यंत पाणी नेणारे लहान पाट दगडांत कोरलेले आहेत. या नारिंगास स्पॅनिश भाषेंत 'नारांखा' म्हणतात. तो शब्द अरबी व फारसी या भाषांच्या वाटेनें आपल्या 'नारंग' या संस्कृत शब्दापासूनच तेथें पोंचला आहे. झाडहि पूर्वेकडून गेलें आणि नांवहि त्याच्याबरोबर गेलें! आणि चौकाविषयीं म्हणाल तर आपल्याकडे मोहेंजोदडो येथील घरेंहि आंतल्या अंगणाभोंवतींच बांधलेलीं होतीं. तेव्हां कोर्दोबाकडून आपण घ्यावयाचा तो चौक नव्हे. चौक राखण्याची रीत घ्यावयाची.

ती रीत समजण्यासाठीं हा चौक थंड कसा राहतो हें आधीं पाहिलें पाहिजे. रात्रीं उघड्या आकाशाखालीं छपरें व फरशी निवतात. त्यांच्या स्पर्शानें थंड झालेली हवा जड असल्यामुळें खालीं उतरते आणि उंच भिंतींच्या मध्यें, विहिरींत पाणी सांठावें तशी, सांठून राहते. दिवस वर येऊं लागला कीं चौकावर जाड कापडाचा पडदा ओढतात, म्हणजे ऊन फरशीपर्यंत पोंचत नाहीं. चुन्याच्या पांढऱ्या भिंती पडलेला उजेड परतवून लावतात. सकाळ-संध्याकाळ फरशीवर व झाडांवर पाणी शिंपलें कीं तें वाफ होतांना हवेंतील उष्णता घेऊन जातें. आपल्या माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें तेंच हें कारण; स्पेनमध्येंहि 'बोतिखो' नांवाचा मातीचा कुजा याच युक्तीनें पाणी गार करतो. पूर्वीं तिकडील पुष्कळ कुटुंबें उन्हाळ्यांत बिऱ्हाड खालच्या मजल्यावर, चौकाच्या शेजारीं आणीत आणि थंडींत वरच्या मजल्यावर नेत. विजेचा पंखा नव्हता त्या काळीं चौक हाच घराचा पंखा होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे चौक पुष्कळदां एका कुटुंबाचे नव्हतेच. विसाव्या शतकांत गरीब लोकांचीं पांच-सहा किंवा त्याहूनहि अधिक बिऱ्हाडें एका चौकाभोंवतीं एकेका-दोनदोन खोल्यांत राहत. विहीर सर्वांची, कपडे धुण्याची जागा सर्वांची, आणि फुलेंहि सर्वांचीं. आपल्या पुण्या-नाशकांतील भाडेकरूंच्या वाड्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. एका चौकांत एक वृद्ध बाई लांब काठीच्या टोंकाला बांधलेल्या डब्यानें माडीच्या उंचीवरील कुंड्यांना पाणी घालीत होती. अशा पाणी घालणाऱ्या स्त्रीचा पुतळाच त्या शहरांत उभारलेला आहे. माझ्या मुलीनें मध्यस्थी केली आणि मीं त्या बाईला विचारलें कीं, याला रोज वेळ किती लागतो. ती म्हणाली, "उन्हाळ्यांत सकाळीं एकदां आणि सूर्य उतरल्यावर एकदां. सुट्टी नाहीं. परगांवीं जावयाचें तर आधीं शेजारणीला विचारून." तिच्या लहानपणीं कुंड्या विकत घेण्यास पैसे नसत, म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यांतच झाडें लावीत, असेंहि तिनें सांगितलें. मीं तिच्या हातांकडे पाहिलें. ते हात मला ओळखीचे वाटले. माझ्या सासूबाईंचे हात तसेच आहेत.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अशा शोभेचें ओझें तेथेंहि बहुधा स्त्रियांच्याच डोक्यावर पडत आलें आहे. चौक सर्वांनीं उपभोगावयाचा आणि पाणी एकीनें वाहावयाचें, असा व्यवहार जेथें असेल तेथें तो चौक फार दिवस टिकत नाहीं. आमच्या चौकाची दुर्दशाहि नेमकी अशीच झाली होती. सासूबाईंचे गुडघे धरले, त्या दिवसापासून तेथें शेवाळ धरूं लागलें. तोंपर्यंत तो कोण राखतो हा प्रश्न आम्हांपैकीं कोणाच्या मनांतहि आला नव्हता.

मी परत आलें ती उत्साहानें भारावून, आणि उत्साहाच्या भरांत चूकहि केली. ती लपवीत नाहीं, कारण तीपासून वाचकांचे पैसे वांचतील. जूनच्या आरंभीं घाईघाईनें एका ठेकेदाराकडून मीं चौकाच्या एका भिंतीला सिमेंटचा गिलावा करविला, त्यावर पांढरा शुभ्र प्लॅस्टिक रंग दिला आणि खिडक्यांच्या चौकटी निळ्या करविल्या. पुण्याहून जिरेनियमच्या बारा कुंड्या आणून मांडल्या. आठ दिवस चौक चित्रासारखा दिसला. मग पाऊस लागला. श्रावणापर्यंत बाराहि झाडें मुळाशीं कुजलीं, आणि गणपतींत त्या भिंतीचा रंग फोड आल्यासारखा फुगून आरतीच्या वेळीं पोपडे पडूं लागले. मधले भावजी कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं एक पोपडा उचलला, बोटांनीं चुरडला आणि माझ्याकडे न पाहतां टाकून दिला.

दोन्हीं चुकांचें मूळ एकच होतें: मीं रूप उचललें होतें, कारण उचललें नव्हतें. जुनी भिंत विटामातीची व चुन्याची. ती जमिनींतून ओल शोषते आणि आपल्या पृष्ठभागावाटे ती बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट व प्लॅस्टिक यांचें कातडें चढविलें कीं ओल आंत कोंडली जाते आणि वाट फोडून बाहेर येते. झाडांचीहि गोष्ट तीच. कोर्दोबास वर्षाकाठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत विखुरलेला. उन्हाळा अगदीं कोरडा. पुण्याचा पाऊस वर्षाच्या बेरजेनें त्याहून फार अधिक नाहीं, परंतु बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो, आणि तोहि उबेच्या दिवसांत. जिरेनियम ही मूळची दक्षिण आफ्रिकेची वनस्पति. तिला उबदार चिखलांत पाय बुडवून उभें राहणें सोसत नाहीं.

त्या गोऱ्या गोट्यांची आणि मातीच्या कुंड्यांची जी ग्रामीण शोभा आपल्याला मोहविते, तिचें रहस्य मला तेव्हां उमगलें. तीं माणसें ग्रामीण दिसावें म्हणून कांहींच करीत नव्हतीं. गोटे नदींतले, चुना जवळच्या भट्टींतला, कुंड्या गांवच्या कुंभाराच्या, आणि झाडें शेजारणीनें दिलेल्या फांद्यांचीं. जवळ जें होतें तें त्यांनीं नीट वापरलें, एवढेंच. तेव्हां आपण खरोखर त्यांचें अनुकरण करूं तर आपला चौक त्यांच्यासारखा दिसणारच नाहीं. तो आपल्यासारखा दिसेल.

दसरा झाल्यावर आम्हीं पुन्हां आरंभ केला. तो क्रम येथें देतें.

प्रथम पाणी जाण्याची वाट. शोभेचा विचार करण्यापूर्वीं फरशीचा उतार पाहावा. दर दहा फुटांस सुमारें दीड इंच उतार मोरीच्या दिशेनें असला म्हणजे पाणी सांचत नाहीं आणि शेवाळ धरत नाहीं. फरशीसाठीं आम्हीं शहाबादीच घेतली, परंतु घोटलेली नव्हे. खरबरीत, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरत नाहीं. काळा कडप्पा उन्हांत तापतो, म्हणून तो टाळावा. एका कडेला हातभर रुंदीचा पट्टा नदींतल्या गोट्यांचा, चुना व वाळू यांत बसविला. तेवढीच कोर्दोबाची आठवण.

दुसरा चुना. खराब झालेला सिमेंटचा गिलावा खरवडून काढून भिंत महिनाभर तशीच सुकूं दिली आणि मग चुन्याचा गिलावा केला. रंगासाठीं कळीचा चुना पाण्यांत विरवून कांहीं दिवस मुरत ठेवावा, मग फडक्यानें गाळावा आणि थोडा डिंक घालून ताकाइतका पातळ करावा. भिंत आधीं पाण्यानें भिजवावी व तीन पातळ हात द्यावे. एक जाड हात देऊं नये. चुना विरतांना उकळतो आणि डोळ्यांस फार अपाय करतो, म्हणून मुलांस दूर ठेवावें व काम करणाऱ्यानें डोळ्यांवर चष्मा अवश्य लावावा. हा चुना हवेंतील कार्बन वायु शोषून हळूहळू पुन्हां दगड होतो, तरीहि भिंतीचा श्वास अडवीत नाहीं. आंदालुसियांतील मोरोन गांवीं चुन्याच्या भट्ट्यांची जुनी कला लोकांनीं मरूं दिली नाहीं. त्या प्रयत्नाची युनेस्कोनें २०११ सालीं वाखाणणी केली. केवळ पांढऱ्या रंगानें डोळे दिपतात, म्हणून खालचा तीन फुटांचा पट्टा आम्हीं पिवडीनें रंगविला. तिकडेहि पांढऱ्या भिंतीला पिवळ्या मातीच्या रंगाची किनार देण्याची चाल आहे.

तिसरी सावली. चौकाच्या दोन्ही बाजूंस कड्या ठोकून त्यांवरून दोरीनें सरकणारा जाड सुती कापडाचा पडदा केला. होळीनंतर तो लावावा आणि मृगापूर्वीं काढून, धुवून, घडी करून ठेवावा. दुपारीं ओढावा, रात्रीं मात्र न विसरतां उघडावा. रात्रीचें आकाश दिसलें नाहीं तर चौक निवत नाहीं.

चौथीं झाडें. भूमध्यसमुद्राकांठच्या झाडांपैकीं कित्येक आपल्याकडे आधींच घरचीं झालीं आहेत. अंजीर तिकडचें खरें, पण पुरंदरच्या अंजिराची ख्याति कोणास ठाऊक नाहीं? डाळिंब सोलापुराकडे पिकतें. कागदी लिंबू मोठ्या कुंडींत सुखानें वाढतें. बोगनवेल मुळांत दक्षिण अमेरिकेची. ती तिकडेहि परकी आणि इकडेहि परकीच, पण दोन्ही ठिकाणीं माजते. कण्हेर तिकडील ओढ्यांच्या कांठीं आपोआप उगवते. परंतु तिचें पान, फूल, चीक सारेंच विषारी, म्हणून लहान मुलें व गुरें असलेल्या घरीं ती चौकांत लावूं नये. टांगत्या कुंड्यांसाठीं जिरेनियमऐवजीं सदाफुली व चिनी गुलाब लावावे. सुगंधासाठीं जाई, जुई आणि मोगरा यांस तोड नाहीं. मनाला आनंद देणारी गोष्ट अशी कीं, ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल या देशांत दाराशीं ठेवण्याची जी सुगंधी कुंडी असते ती बहुधा सब्ज्याची, म्हणजे आपल्या तुळशीच्याच बहिणीची. आमच्या चौकांत अर्थातच मानाची जागा वृंदावनाची. तें सर्वांत आधीं दुरुस्त झालें. कुंड्या सर्व साध्या, बिनझिलईच्या मातीच्या घेतल्या. त्यांच्या अंगांतून पाणी पाझरतें व मुळें थंड राहतात. प्रत्येकीच्या तळाशीं भोंक आणि त्यावर खापरीचा तुकडा असलाच पाहिजे, आणि पावसाळ्यांत कुंड्या विटांवर उंच ठेवाव्या.

पांचवें पाणी. कारंज्याचा मोह पुष्कळांस होतो. सांचलेल्या पाण्यांत डांसांची पैदास होते आणि डेंग्यूचा डांस तर स्वच्छ पाण्यांतच वाढतो. म्हणून एक लहानसें दगडी कुंड ठेवून त्यांत गप्पी मासे सोडावे, नाहीं तर दर आठवड्यास तें रिकामें करून घासावें. पाणी शिंपण्यानें गारवा येतो तो हवा कोरडी असली तरच. देशावर चैत्र-वैशाखांत तो उत्तम अनुभवास येतो. कोंकणांत हवाच ओली, तेथें शिंपण्यापेक्षां सावली व वाऱ्याची वाट यांवर भर द्यावा.

ज्यांचें घर वाडा नाहीं, मजल्यावरील चार खोल्या आहेत, त्यांनीं निराश होऊं नये. दोन खुर्च्या मावतील एवढ्या सज्ज्यांतहि हेच नियम चालतात: मातीची कुंडी, सुती पडदा, एक वेल, एक माठ. गच्चीवर मात्र वाफे करण्यापूर्वीं अभियंत्यास विचारावें. एक फूट जाडीची ओली माती एक चौरस मीटर जागेवर सुमारें ५०० किलो भार टाकते, आणि सामान्य गच्ची इतक्या ओझ्यासाठीं बांधलेली नसते. कुंड्या ठेवावयाच्या त्या कडेनें, तुळईच्या वर आणि थोड्या.

आतां राहिली सहावी गोष्ट, जी कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. कोर्दोबाच्या त्या बाईचे शब्द मीं घरीं जसेच्या तसे सांगितले होते. धाकट्या जाऊबाईंनीं ओसरीच्या भिंतीवर खडूनें सात वारांची पाण्याची पाळी लिहिली, आणि तीत स्त्रियांचींच नव्हे तर घरांतल्या सर्व पुरुषांचीं नांवें घातलीं. परगांवीं जावयाचें असेल त्यानें आधीं दुसऱ्यास विचारून आपला वार द्यावयाचा. पहिल्या महिन्यांत दोनदां पाळी चुकली आणि दोनदां कडाक्याचें भांडण झालें. तें भांडणहि मला बरें वाटलें. चौकावरून घरांत कोणी भांडावें, इतका तो पुन्हां घराचा झाला होता.

खोलीचा प्रश्न मात्र फुलांनीं सुटत नव्हता. मुलाचें लग्न माघांत व्हावयाचें होतें. एके रात्रीं आम्हीं उभयतांनीं विचार केला आणि माडीवरील आमची खोली नव्या जोडप्याला द्यावी, आपण खालीं मामंजींच्या जुन्या कचेरींत राहावें, असें ठरविलें. तीस वर्षांची खोली सोडतांना कांहींच वाटलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. माडीवरची खिडकी नदीकडे उघडत होती. कचेरीची खिडकी चौकांत उघडते. मोटार गल्लीच्या तोंडाशीं, भाड्याच्या जागेंत उभी राहते, आणि तिचें भाडें तिन्ही बिऱ्हाडें मिळून देतात.

पुढील पाडवा आला. त्यानंतर चैत्रगौरीचें हळदीकुंकू आम्हीं चौकांतच केलें. पडदा सोडलेला, फरशी नुकतीच शिंपलेली, वृंदावनापाशीं गौरीची आरास. नव्या सूनबाईंनीं पन्हें दिलें, आंब्याची डाळ वाटली. सासूबाई ओसरीवर खुर्चींत बसून होत्या. किती तरी वर्षांनीं त्यांनीं येणाऱ्या प्रत्येक बाईला स्वतः हांक मारून बसवून घेतलें.

बायका गेल्यावर मधले भावजी बाहेर आले. तो वार त्यांचा होता. त्यांनीं काठीला बांधलेला डबा हंड्यांत बुडविला आणि वरच्या कुंडीपर्यंत नेऊं लागले. निम्में पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलें. मी पाहत आहें हें ध्यानांत येतांच ते म्हणाले, "वहिनी, स्लॅबचा विषय संपला असें समजूं नका हं. तहकूब झाला आहे."

मीं म्हटलें, "तहकूब तर तहकूब, भावजी. पण ती कोपऱ्यांतली कुंडी राहिली."

त्यांनीं डबा पुन्हां भरला.